'मुली – 2'

राज्यातल्या समस्त ग्राम महसूल अधिकाऱ्यांना,



2024 साली सरकारनं तुमचं 'तलाठी' हे नाव बदललं, पण आमच्याकडं नवं नाव अजून कुणाच्या तोंडात बसलेलं नाही. चावडीत गेलं की "भाऊसाहेब हायत का?" असंच विचारतात. तुमच्यात आता बऱ्याच ताई आहेत. त्यांना गाव समोर 'मॅडम' म्हणतं आणि माघारी त्यांनाही भाऊसाहेबच म्हणतं. म्हणून मीही सगळ्यांना मिळून भाऊसाहेबच म्हणते. राग मानू नका.

काम तसं तुमच्यापैकी एकाकडंच आहे. पण त्याचा अर्ज लिहायला बसले आणि अर्जात मावेना, म्हणून हे उघड पत्र.

माझे वडील 2024च्या पावसाळ्यात गेले. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात. गावाचं नाव आणि माणसांची नावं लिहीत नाही, कारण भावकीत एक वाद अजून मिटायचा आहे आणि तो लागायला थोडा हात माझाही आहे. ते पुढं येईलच. वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते, पण वारस नोंद राहून गेली. थोरला भाऊ म्हणायचा सुगी उरकू दे, धाकटा म्हणायचा थोरला बघेल. 2025च्या एप्रिलात 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली, मयत खातेदारांची नावं कमी करून वारसांची लावून घ्या म्हणून दवंडी झाली, तेव्हा कुठं कागद हलले. भावानं वंशावळीचं प्रतिज्ञापत्र लिहायला घेतलं आणि कच्च्या कागदाचा फोटो मला पुण्याला व्हॉट्सॲपवर पाठवला. वर वडिलांच्या नावाची चौकट. तिला दोन फाटे. दोन्ही फाट्यांना भावांची पूर्ण नावं, वय, धंदा शेती. आणि उजव्या कडेला, जिथं जागा उरली होती तिथं: 'मुली – 2'.

त्या दोनांतली एक मी.

तुम्ही तो कागद परत केला असता, मला माहीत आहे. वारसांची नावं लिहावीच लागतात. भावाच्याही मनात काही नव्हतं. शेजारच्यांचा कागद त्यानं पुढं ठेवला होता, त्यात तसं होतं. मी त्याला फोनवर एवढंच म्हटलं, "आपली वंशावळ मी काढते." तो म्हणाला, "काढ की, पाच मिनिटांचं काम हाय." त्याला चौदा महिने लागले.

वतनदारांचं बरं असतं. पाटीलकीवरून, देशमुखीवरून त्यांचे पूर्वज पिढ्यान् पिढ्या भांडले, त्या भांडणात महजर झाले, करीने झाले, प्रत्येकानं आपली वंशावळ पंचांपुढं मांडली आणि ते कागद दप्तरांत जाऊन बसले. ज्याच्याकडं भांडायला वतन नव्हतं त्याच्या घरी कागदही नाही. आमच्या पत्र्याच्या पेटीत सोसायटीच्या पावत्या निघाल्या, कारखान्याचा शेअर निघाला, बैल विकल्याची एक दाखला पावती निघाली. माणसांचं काही नाही. शाळेच्या दाखल खारीज रजिस्टरात वडील सापडले, जन्मतारीख अर्थातच 1 जून. गुरुजींनी त्या साली बसवलेल्या सगळ्या पोरांचा वाढदिवस एकच.

उरला सातबारा. हातानं लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर प्रत्येक नावाशेजारी एक गोल असतो आणि गोलात आकडा. माणूस मेला, वाटण्या झाल्या, जमीन विकली की नावाला कंस पडतो आणि खाली नवं नाव, नवा गोल. (हल्ली कंसाऐवजी आडवी रेघ.) आम्ही लोक त्या गोलाकडं बघत नाही, उतारा बँकेत देऊन मोकळे होतो. तुम्हाला हे सांगणं म्हणजे कोल्हापूरकराला तांबडा रस्सा समजावणं, पण हे पत्र इतरही वाचतील. तो आकडा फेरफाराचा, आणि फेरफार म्हणजे त्या साली त्या घरात काय घडलं त्याची गोष्ट. गोल धरायचा, सहा नंबरची वही उघडायची, नोंदीत मागच्या माणसाचं नाव सापडलं की त्याचा गोल शोधायचा. विहिरीच्या पायऱ्या उतरावं तसं. मधे एकत्रीकरण येतं, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर होतात आणि दोन-चार पायऱ्या ढासळलेल्या सापडतात. मग एकत्रीकरणाचा उतारा काढून जुन्या नंबराशी सांधा जुळवायचा. आमच्या चार गटांखाली नऊ जुने पोटहिस्से निघाले. हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात 1903 साली आला, त्यामुळं पायऱ्या साधारण तिथवर जातात. त्याखाली पाणी.

चावडीत जुना फेरफार मागितला की पहिला प्रश्न ठरलेला: "वाद आहे का?" नाही म्हटलं की संशय वाढतो. "मग कशाला पाहिजे?" आजोबांच्या आजोबांचं नाव पाहिजे, असं मी एके ठिकाणी खरं सांगून टाकलं. समोरचे गृहस्थ माझ्याकडं बघत राहिले, मग कोतवालाला म्हणाले, "ह्यांना चहा सांग." चहा झाला. वही त्या दिवशी काही मिळाली नाही.

मिळाली ती तीन खेपांनंतर, लाल फडक्याच्या रुमालात. खानापूर 1949पर्यंत सातारा जिल्ह्यात होतं, मग दक्षिण सातारा झाला, 1960 साली त्याचं सांगली झालं, आणि रुमालावरच्या चिठ्ठीवर या सगळ्यांच्या खुणा एकावर एक होत्या. पान उलटताना कडा चुरडून टेबलावर पडत होत्या. मी ओढणीनं त्या गोळा करत होते आणि कुठं टाकाव्यात ते कळत नव्हतं. नोंद मोडीत. माझ्याबरोबर एक निवृत्त गुरुजी आले होते, त्यांना मोडी येते. 2023च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उघडली, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना चांगले दिवस आले आहेत. मराठा आरक्षणाच्या त्या वादाबद्दल मला इथं काही म्हणायचं नाही. पण समितीनंतरच्या दोन वर्षांत गावाकडच्या जितक्या लोकांनी आपल्या खापरपणज्याचं नाव शोधलं तितक्यांनी पूर्वी कधी शोधलं नसेल, हे खरं.

नोंद 1919ची. माझे पणजोबा आदल्या साली, कार्तिकात, मयत. ती मानमोडीची साथ, जिला आता इन्फ्लुएन्झा म्हणतात. पणजीही त्याच पंधरवड्यात गेली, पण ती नोंदीत नाही. तिच्या नावावर जमीन नव्हती, त्यामुळं वहीच्या लेखी ती मेली नाही, कारण ती कधी जगलीच नव्हती. वारस मुलगे दोन. थोरला वय वर्षे 6, म्हणजे माझे आजोबा. धाकटा वय वर्षे 3. दोघे अज्ञान. आणि पुढं: अ. पा. क., म्हणजे अज्ञान पालन करणार, आत्या.

गुरुजी थांबले. मी म्हटलं, "नाव?" त्यांनी भिंग फिरवलं. नाव होतं तिथं कसर लागली होती, हरभऱ्याएवढं भोक. भोकापलीकडं 'बाई' तेवढं उरलं होतं. मग 'कोम', म्हणजे अमक्याची बायको. आणि मग पानाची कडच नव्हती.

भाऊसाहेब, आमच्या वरच्या अंगाच्या रानात एक पट्टी आहे. तिला 'आत्तीची ताल' म्हणतात. लहानपणापासून म्हणत आलो, 'आत्तीच्या ताली'ला गुरं न्या, 'आत्तीच्या ताली'तली तूर काढली का. ही आत्ती कोण, हे कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं, जसं थोरल्या मळ्याला थोरला का म्हणतात ते कुणी विचारत नाही. त्या दिवशी एसटीतूनच आईला फोन लावला. आई म्हणाली, "आगं, ती तुझ्या आजोबाची आत्ती. नवऱ्यानं टाकल्याली. ती माघारी आली न् वर्सात भाऊ-भावजय गेली. तिनंच दोन पोरं वाढिवली. ती ताल तिनं हातानं घातल्या." मी विचारलं, नाव काय होतं तिचं? आई जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "आत्तीच म्हनायची सगळी."

पुढचा फेरफार 1931चा, दोन ओळींचा. थोरला सज्ञान झाला, सबब अ. पा. क. शेरा कमी. बारा वर्षं तिनं तो सातबारा सांभाळला, आणि तुमच्या वहीत ती एका शेऱ्यानं आली आणि शेरा कमी होऊन गेली.

त्याच नोंदीत आजोबांच्या नावापुढं 'ए. कु. मॅ.' लागलं. एकत्र कुटुंब मॅनेजर. ही तीन अक्षरं लिहिताना तुमच्या जुन्या भाऊसाहेबांचा काही वाईट हेतू नव्हता, एका खात्याला एक तोंड असलं की वसुली सोपी. पण त्या तीन अक्षरांत धाकटा भाऊ बुडाला. पुढच्या कुठल्याच उताऱ्यावर त्याचं नाव नाही. त्याचा मुलगा विट्याच्या बाजूच्या कितीतरी पोरांसारखा गलाईच्या धंद्यात पडला, सोनं-चांदी गाळायला तामिळनाडूत गेला आणि तिकडंच राहिला. त्याची नातवंडं आता घरात निम्मं तमिळ बोलतात. ते लोक दहा वर्षांपूर्वी हिस्सा मागायला आले, तेव्हा आमच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना सातबारा दाखवून परत पाठवलं होतं: दाखवा कुठं आहे तुमच्या आज्याचं नाव. मला 1919च्या नोंदीत ते सापडलं. वय वर्षे 3. मी त्याची नक्कल काढली आणि एक प्रत कोइमतूरला पाठवली.

भाऊ चार महिने माझ्याशी बोलला नाही. 'शिकल्याली पोरगी, घरचंच वाटोळं केलं,' हे मी अजून ऐकते. बरोबर केलं का, मलाही दर वेळी तेच उत्तर येत नाही. पण वंशावळ काढायची म्हटली की सोयीचा फाटा तेवढा काढता येत नाही.

1903च्या खाली आम्हाला हेळव्यानं उतरवलं. दक्षिण महाराष्ट्रात ज्यांची शेती आहे त्यांना हेळवी सांगायला नको. सुगी झाली की बैलावर बसून, घंटा वाजवत यायचा, दारात बसून कुळी, देवक, मूळ गाव, पिढ्या म्हणायचा, धान्य, कापड घेऊन पुढच्या घरी. सरकारच्या भटक्या जमातींच्या यादीत हेळवे आहेत. आमचा हेळवी आता मोटारसायकलवर येतो आणि आधी मिस कॉल देतो. वही मात्र तीच, मेणकापडात गुंडाळलेली. त्यानं आमच्या आठ पिढ्या एका दमात म्हटल्या. नावं आलटून पालटून तीच, कारण नातवाला आज्याचं नाव ठेवायची चाल. अमुक बिन तमुक, तमुक बिन अमुक, ऐकताना माणूस गोल फिरून पुन्हा तिथंच येतो. कोणता अमुक, ते तो साथीवरून आणि दुष्काळावरून ओळखतो. छप्पन्नच्या दुष्काळातला. त्याच्या आधीचा. विहीर पाडली तो.

मी त्याला बायका विचारल्या. तो म्हणाला, "हायत की." आणि खरंच होत्या. प्रत्येक पुरुषापुढं त्यानं सून कुठल्या गावची ते लिहिलं होतं. अमक्या गावची लेक. तमक्या घरची लेक. गाव होतं, घर होतं, नाव नव्हतं. आत्तीपुढं लिहिलं होतं, 'लेक येक, दिली', आणि गावाचं नाव.

घरी आल्यावर दोन्ही कागद शेजारी ठेवले. हेळव्याकडं बाईचं गाव आहे, नाव नाही. तुमच्याकडं नाव आहे (कसर लागली नसेल तर), गाव नाही. दोघांचं मिळून एक बाई होते, पण हेळवी आणि भाऊसाहेब कधी एका ओट्यावर बसत नाहीत.

नाशिकलाही गेले, वडिलांच्या अस्थी घेऊन. रामकुंडावर आमच्या तीर्थोपाध्यांनी तालुका विचारला, गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि पाच मिनिटांत चोपडी आणली. आजोबा सिंहस्थाला गेले होते तेव्हाची नोंद होती. सही नव्हती, नांगराची निशाणी होती, वेडीवाकडी, रुमणं उलट्या बाजूला. मी त्यावर बोट ठेवलं. बाकी त्या चोपडीत पुरुषच पुरुष.

एक पुस्तक मात्र या काळात पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. पुण्याच्या शेतकी कॉलेजातल्या हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरन् घर पाहणी केली होती, ती 1917 साली छापली. 1771 साली त्या गावात सरासरी खातं 40 एकरांचं होतं, 1915च्या सुमाराला ते 7 एकरांवर आलं. आज त्या गावाच्या रानात बारा-बारा मजली इमारती आहेत आणि सरासरी स्क्वेअर फुटांत सांगावी लागेल. आमच्या घरचा हिशेब काही वेगळा नाही. वंशावळ खाली रुंद होत गेली, रान अरुंद. आणि रान अरुंद होऊ लागलं की घराला पहिल्यांदा आठवतात त्या बहिणी. त्यांना कागदावरून उतरवायचं असतं.

कायद्याची पावलं फेरफारांत स्पष्ट उमटली आहेत. 1956च्या आधीच्या नोंदींत मुली नाहीतच. वारसा कायदा आला आणि बहिणी दिसू लागल्या: मुलगी, वय अमुक. आणि त्याच्या दोन-चार नोंदी पुढं त्या हक्कसोड देऊन गेलेल्या. माझ्या दोन्ही आत्या अशाच आल्या-गेल्या, साडी-चोळी घेऊन. 1994 साली महाराष्ट्रानं आणि 2005 साली केंद्रानं मुलीला वडिलोपार्जित जमिनीत जन्मानं वाटा दिला. हक्कसोड तरीही थांबलेलं नाही, फक्त आता त्याला दस्त नोंदवायला तालुक्याला जावं लागतं आणि परत येताना हॉटेलात जेवण असतं. मी हक्कसोड देणार आहे की नाही हे या पत्रात सांगत नाही, भाऊ वाचेल. माझं म्हणणं वेगळं आहे. जमीन सोडली म्हणून बाई वंशावळीतून का जावी?

तेव्हा विनंती एवढीच. ई-फेरफाराचा मजकूर ठरीव असतो, रकाने वरून आलेले असतात, हे मला ठाऊक आहे. पण वंशावळ आम्ही देतो आणि तपासता तुम्ही, स्थानिक चौकशीला घरी येता तुम्ही. त्या वेळी विचारा. लेकीचं माहेरचं नाव काय, सासरचं काय, दिली कुठं. विधवा बायकोचं माहेर कुठलं. लग्न न करता घरातच राबून मेलेली एखादी आत्या होती का. अर्जदार कुरकुरेल, "भाऊसाहेब, त्येचं काय काम?" तरी विचारा. 1 मे 2024 रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या नावात आईचं नाव घालणं सरकारनं सक्तीचं केलं, ते उत्तम झालं. पण ती बाळं खातेदार होऊन मरायला अजून सत्तर-ऐंशी वर्षं आहेत. तोवर ज्या बायका चौकटीबाहेर 'मुली – 2' म्हणून उभ्या आहेत त्यांची सोय तुमच्या पेनाशिवाय होणार नाही. आणि जुन्या वह्यांची पानं चुरा व्हायच्या आत एकदा नीट, कडेपर्यंत, स्कॅन होतील एवढं बघा. मी पाहिलेल्या स्कॅनमध्ये निम्म्या पानांची उजवी कड कापलेली होती. 'कोम'च्या पुढचं सगळं उजव्या कडेलाच असतं.

राहिलं माझं काम. लग्नात आईचं नाव बदललं होतं, तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून. सासरचं नाव आधार कार्डावर, रेशन कार्डावर, सगळीकडं. माहेरचं नाव तिच्याशिवाय आता फक्त माझ्या मावशीला माहीत होतं, तीही ऐंशीची झाली. वंशावळीत मी आईची दोन्ही नावं लिहिली. ते वाचून दाखवलं तेव्हा ती लाजली, आणि मग म्हणाली, भाऊसाहेबाला मीच सांगते, तू मधी बोलू नको. परवा गोठ्यात एकटीच ते नाव म्हणून बघत होती.

कागदावर आता एकतीस नावं झालीत, त्यात चौदा बायका. पंधरावीच्या जागी मी चौकट आखून आत फक्त 'बाई' लिहिलंय, हेळव्याच्या वहीतलं गाव खाली घातलंय आणि अलीकडं मोकळी जागा सोडलीय. ती जागा खोडाखोड समजून कागद परत करू नका, म्हणून आधीच कळवते.

बाजारादिवशी तुम्ही सजावर असता असं कळलं. येत्या बाजाराला आम्ही येतो: आई, धाकटा भाऊ, बहीण आणि मी. थोरलाही येतो म्हणालाय, बघू. वंशावळ ए-फोर कागदावर मावली नाही, दोन पानं चिकटवलीत. टेबलावर जरा जागा करून ठेवा.

आपली,
त्या दोनांतली एक